शिष्यवृत्तीची रविवारची टेस्ट सिरीज: पेपर भारी, ग्रुप म्हणजे डोक्याला ताप

दिवाळी झाली की ओळखीतल्या पालकांचे फोन सुरू होतात, तुम्ही मुलाला पाचवीच्या स्कॉलरशिपची ती रविवारची सराव पेपरांची सिरीज लावली होती ना, कशी होती, लावू का आमच्या पिंकीला. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण काही गोष्टी नावडलेल्या लिहिणार आहे आणि सर माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. तसंही कोल्हापुरात अशा सिरीज गल्लोगल्ली आहेत, राजारामपुरीत तर एका बिल्डिंगमध्ये दोन-दोन, आणि थोड्याफार फरकानं सगळ्या एकसारख्याच चालतात. तेव्हा तुमच्या गावातली कुठली सिरीज बघत असाल तर काय तपासायचं एवढं यातून कळेल.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी आधी परीक्षेचं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, ही परीक्षा घेते. आपल्या वेळी चौथी आणि सातवीला असायची ती स्कॉलरशिप, २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली (आता परत चौथी-सातवीला आणलीये, ते शेवटी सांगते, आमच्या वर्षी पाचवीच होती). पाचवीचे दोन पेपर असायचे, दोन्ही एकाच दिवशी. पहिल्यात मराठीचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क, म्हणजे एक पेपर १५० चा आणि सगळं मिळून ३००. वेळ प्रत्येकी दीड तास. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के पडले तर मूल 'पात्र', पण पात्र म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असं नाही, ती जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीतून मिळते. राज्यभरातून पाचवीची पाच लाखांच्या आसपास मुलं बसायची आणि पात्रच चारातलं एक व्हायचं, किंवा तेवढंही नाही. हे आकडे मुलाला सांगायची गरज नाही, पण आईबापांनी मनात ठेवावेत म्हणजे अपेक्षा जरा जमिनीवर राहतात.

आता सिरीज. फी आमच्या वेळी, २०२४-२५ ला, २,४०० रुपये, दिवाळीनंतर सुरू आणि जानेवारीअखेर संपते, दर रविवारी सकाळी दोन्ही पेपर, मधे अर्ध्या तासाची सुट्टी. शिकवणी नाही, नुसत्या परीक्षा. हॉल दुसऱ्या मजल्यावर, बाक जुने पण बरे, एका बाकावर एकच मूल बसवतात हे मला फार आवडलं कारण बाकीच्या ठिकाणी तिघं तिघं कोंबलेली बघितलीत. पंखे चालतात. बाथरूमबद्दल बोलायला नको. पार्किंगचा प्रश्न आहेच, साडेदहाला सगळे पालक एकदम येतात आणि खाली दुकानवाला ओरडत असतो, तर गाडी मागच्या गल्लीत लावा आणि दोन मिनिटं चाला.

पैसे वसूल कशात झाले विचाराल तर ओएमआर, म्हणजे उत्तराचा गोल पेननं रंगवायची ती उत्तरपत्रिका. हे लांबून फार किरकोळ वाटतं. मुलाला उत्तर येतं ना, मग गोल रंगवायला काय लागतंय असं आपल्याला वाटतं. पहिल्या रविवारी आमच्या चिरंजीवांनी पहिला गोल असा रंगवला की बघत राहावं, आधी बॉलपेननं कडा गिरवली, मग आतून गोल गोल फिरवत भरत आणला, मग कागद लांब धरून बघितला, परत एक पांढरा ठिपका राहिला होता तो भरला. चित्रकलेच्या तासाला शाबासकी मिळाली असती. इथे ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही, आणि त्यात वाचायचं, कच्चं काम करायचं आणि गोलही भरायचा. शेवटचे अकरा प्रश्न कोरे राहिले होते आणि त्यातले बरेचसे त्याला येत होते.

दुसरा घोळ याहून वाईट. चौतीसावा प्रश्न अवघड म्हणून सोडला आणि पस्तीसाव्याचं उत्तर चौतीसाव्या ओळीत भरलं, तिथून पुढं सगळी गाडी एक घर सरकली. शेवटी एक ओळ उरली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, मग रडू. बॉलपेन असल्यामुळे खोडता येत नाही, आणि एकाच प्रश्नाला दोन गोल भरले की मार्क गेलाच. तिथं ज्या मॅडम पर्यवेक्षणाला असतात (सरांची बायको, आणि माझ्या मते सिरीजमधलं सगळ्यात चांगलं माणूस) त्यांनी त्याला समजावलं, "बाळा, प्रश्न सोडलास तर प्रश्नपत्रिकेवर नंबरला मोठी फुली मार, आणि दर पाच प्रश्नांनी दोन्हीकडचा नंबर जुळतोय का बघ." एवढंच. पण ते सवयीचं व्हायला डिसेंबर उजाडला. घरी मी हेच पन्नास वेळा सांगितलं असतं तर "माहितीये गं" एवढंच ऐकायला मिळालं असतं, त्या हॉलमध्ये, अनोळखी मुलांच्यात, घंटा वाजल्यावर हातातून कागद काढून घेतला जातो तेव्हाच ते डोक्यात शिरतं. यासाठी मी परत पैसे देईन.

छपाईबद्दल तक्रार आहे. ओएमआर म्हणून जे देतात ती साधी झेरॉक्स, तीसुद्धा लहान केलेली, खऱ्या उत्तरपत्रिकेतले गोल यापेक्षा मोठे असतात. कागद इतका पातळ की पेन जरा दाबलं की मागं उमटतं. २,४०० घेताय तर जरा जाड कागद वापरा ओ. बुद्धिमत्तेच्या पेपरात आकृत्या असतात, आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद, त्या झेरॉक्समध्ये काळ्याकुट्ट येतात आणि मग मूल विचारतं यात टिंब कुठंय, तर टिंब कुणालाच दिसत नसतं.

आणि उत्तरसूची. हा खरा वैतागाचा विषय. प्रश्न होता, एका रांगेत सुहास डावीकडून १२ वा आणि उजवीकडून १७ वा, तर रांगेत एकूण मुलं किती. पर्याय २७, २८, २९, ३०. आता बारा आणि सतरा एकोणतीस, पण सुहासला दोनदा मोजलं म्हणून एक वजा, म्हणजे २८. स्कॉलरशिपची कुठलीही पोरं हे झोपेत सांगतील. सिरीजच्या उत्तरसूचीत २९! आमच्या मुलानं २८ भरलेलं, त्याचे दोन मार्क गेले, आणि वाईट म्हणजे तो आपलंच चुकलं असं धरून बसला, "सरांनी छापलंय म्हणजे बरोबरच असणार." मग रात्री जेवणानंतर ताटाशेजारी पाच चमचे मांडले. मधला चमचा डावीकडून कितवा? तिसरा. उजवीकडून? तिसरा. तीन अधिक तीन सहा, आणि चमचे किती? त्यानं मोजले, परत मोजले, हसला. मग सरांना फोन केला तर त्यांनी लगेच मान्य केलं आणि मार्क वाढवले, बाकी कुणी पालक बोललेच नव्हते म्हणे. याचा अर्थ काय घ्यायचा तो घ्या. अशा चुका दर दोन-तीन पेपरांत एखादी सापडायचीच. तेव्हा कुठलीही सिरीज लावा, मुलाचं चुकलेलं उत्तर आधी तुम्ही स्वतः सोडवून बघा आणि मगच त्याला बोला.

सिरीजमध्ये जे अजिबात मिळत नाही ते म्हणजे पेपर झाल्यावरची चर्चा. जाहिरातीत 'सखोल विश्लेषण' लिहिलेलं. प्रत्यक्षात एक पानाची उत्तरसूची आणि मार्कांचा तक्ता, झालं विश्लेषण. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, एकशेवीस मुलं आहेत, प्रत्येकाचं बघत बसलो तर पुढचा रविवार येतो." त्यांचंही खरंय. "सिली मिस्टेक कमी करायला सांगा त्याला," हे मात्र ते प्रत्येकाला सांगतात. आता दहा वर्षाच्या मुलाला सिली मिस्टेक कमी कर म्हणलं की तो काय करणार, जास्त घाबरणार, बाकी काही नाही.

म्हणून ते काम घरी करायला लागलं आणि माझं मत विचाराल तर पालकांचं खरं काम इथंच आहे, गणित शिकवण्यात नाही. रविवारी दुपारी जेवून झोपून झाल्यावर, पेपर घेऊन बसायचं, बरोबर आलेल्यांकडे बघायचंच नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं त्यानंच एक अक्षर लिहायचं. 'मा' म्हणजे माहीतच नव्हतं, 'घा' म्हणजे घाईत नीट वाचलं नाही, 'गो' म्हणजे उत्तर येत होतं पण गोल चुकला, आणि 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही. पहिल्यांदा सगळ्यापुढं 'घा' लिहून मोकळा झाला, कारण घाई म्हणलं की सुटका होते. मग मी म्हणलं बरं, घाई नव्हती असं समज आणि आत्ता सोडवून दाव. सुटला तर घा, नाही सुटला तर मा. अपूर्णांकांची लहानमोठी ओळखायची जवळजवळ सगळी गणितं 'मा' निघाली, जी तो आणि आम्ही दोघंही इतके दिवस घाईच्या नावावर खपवत होतो. त्यावर आठवडाभर रोज थोडं थोडं बसलो, कागदाच्या पट्ट्या कापून, बाकी सगळं बंद ठेवून, आणि तो विषय संपला.

'घा' मध्ये पण एक गंमत सापडली. ज्या प्रश्नांत 'नाही' किंवा 'चुकीचा' शब्द असतो, म्हणजे खालीलपैकी कोणता पर्याय चुकीचा आहे, गटात न बसणारं पद कोणतं, तिथं हा बरोबर असलेला पहिला पर्याय दिसला की रंगवून मोकळा. हे फक्त आमच्याच नाही, शेजारच्या दोन मुलांचे पेपर बघितले तर तिथंही तेच. मग 'नाही', 'चूक', 'न' दिसलं की त्याखाली रेघ मारायची सवय लावली. रेघ मारल्याशिवाय पर्याय वाचायचे नाहीत. याला काही खर्च नाही, क्लास लागत नाही.

आता व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यासाठी ही सिरीज बंद करावी असं मला एक-दोनदा वाटलं. रविवारी रात्री नऊला एकशेवीस मुलांची पूर्ण यादी पडते, नाव, शाळा, प्रत्येक विषयाचे मार्क आणि नंबर. पहिल्या दहा जणांचे फोटो, वर सोनेरी चौकट, मागे फटाके. मग तीन तास अभिनंदन, गुलाब, हात जोडलेले, "पुढच्या वेळी पहिला येऊ द्या". आणि यादीच्या खालच्या टोकाला जी मुलं असतात त्यांच्या घरात त्या वेळी काय चालू असेल ते कुणीच लिहीत नाही. सोमवारी शाळेत मुलं एकमेकांचे नंबर पाठ करून येतात. आमचा मुलगा पहिल्या चाळिसात असायचा, एकदा अठ्ठ्याहत्तरावा आला, आणि पुढच्या रविवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरकडे न्यायची तयारी केली तर दहा वाजता, पेपरची वेळ टळल्यावर, आपोआप थांबलं. तो खोटं बोलत नव्हता हे मला नक्की माहितीये, पोट खरंच दुखत होतं.

मी सरांना भेटून सांगितलं, यादी जाहीर करू नका, ज्याचा त्याला निकाल पाठवा. ते म्हणाले, "मॅडम, स्पर्धा परीक्षा आहे ही. आणि पालकांनाच यादी पाहिजे असते, नाही टाकली तर दहा फोन येतात." तेही खरंच असणार, आपल्या मुलाचा नंबर कळल्यावर लगेच शेजाऱ्याच्या पोराचा बघणारे आपणच की. शेवटी दोन-चार आयांनी मिळून लावून धरलं तेव्हा यादीत नावाऐवजी रोल नंबर टाकायला लागले. दुसऱ्याच दिवशी मुलांना सगळ्यांचे रोल नंबर तोंडपाठ. मग आम्ही घरापुरता इलाज केला, ग्रुप म्यूट, यादी फक्त मी बघणार, आणि मुलाला सांगायचं ते एवढंच की मागच्या पेपरपेक्षा 'घा' किती कमी झाले. नंबर विचारला तर खोटं बोलायचं नाही, पण आपणहून सांगायचा नाही. दोन रविवार त्यानं विचारला, मग विसरला. पोट नंतर नाही दुखलं. (एकदा दुखलं, पण ते आदल्या रात्रीच्या मिसळीनं.)

याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून बघा. माझ्या जाऊबाई भुदरगड तालुक्यात असतात, त्यांची मुलगी त्याच वर्षी पाचवीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिकडं स्कॉलरशिपचं वेड आपल्यापेक्षा जास्त आहे, कोल्हापूर जिल्ह्याचं नाव या परीक्षेत गाजतं ते बरंचसं या खेड्यांतल्या शाळांच्या जिवावर. गुरुजी शाळा भरायच्या आधी तास घेतात, सुटल्यावर घेतात, सुट्टीत पण मुलं शाळेतच. फी शून्य. झेरॉक्सचे पैसे कधी गुरुजींच्या खिशातनं, कधी गावातल्या कुणीतरी दिलेले. मी दिवाळीत गेले तेव्हा एक तास बाहेर ओट्यावर बसून ऐकला. एकच प्रश्न फळ्यावर, आणि गुरुजी चारही पर्यायांवर मुलांना बोलायला लावतात, "हा का नाही, सांग की. चुकला तर चुकला." पंधरा-वीस मिनिटं एका प्रश्नावर. आमच्या सिरीजमध्ये तेवढ्या वेळात पंधरा प्रश्न उरकले असते. जाऊबाई उलट मला म्हणतात, "वहिनी, तुमचं बरं हाय, शहरात क्लास मिळतोय." मी काय बोलणार.

तिकडं सगळं छान आहे असंही नाही. पोरीला खेळायला वेळ नव्हता, रात्री नऊपर्यंत डोळे चोळत वाचत बसलेली असायची, आणि शाळेचा निकाल कमी लागला तर गावात गुरुजींचंच नाव निघतं. शिवाय निकालानंतर चौकात फ्लेक्स. कोल्हापूर जिल्ह्यात फ्लेक्स कशाचाही लागतो, बैलाच्या वाढदिवसाचाही, तर स्कॉलरशिपचा का नको, पण ज्या मुलाचा फोटो त्यावर नाही ते मूल रोज त्याच चौकातून शाळेला जातं.

परत घराकडे येते. माझे मिस्टर म्हणतात की आपल्याला काय येतंय त्यातलं, क्लासवाले बघतील. बऱ्याच घरांत हेच चालतं, पण या पेपरात अर्ध्या गोष्टी घरात पडलेल्या असतात. म्हणी आणि वाक्प्रचार सासूबाईंनी घेतले, घेतले म्हणजे शिकवले नाहीत, त्या बोलतातच तसं. घरी कोण कामापुरतं गोड बोललं की "कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी" आलंच. मग नातवानं विचारायचं म्हणजे काय गं आजी, आणि आजीनं नावगाव घेऊन सांगायचं. पुस्तकातल्या दोनशे म्हणी पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, फक्त नावगाव बाहेर जाणार नाही एवढं बघावं लागतं. किलो-ग्रॅम, पावशेर, डझन हे भाजी आणताना. घड्याळातले काटे आणि कोन हे भिंतीवरच्या काट्याच्या घड्याळावर, ते आमच्याकडे बंद पडलेलं होतं, त्यानिमित्तानं सेल बदलला.

मिस्टरांचा एकदा मात्र उपयोग झाला, उलट्या बाजूनं. गणितात दस्ता, रीम, ग्रोस अशी मोजायची मापं असतात. एका दस्त्यात २४ कागद, वीस दस्त्यांचं एक रीम म्हणजे ४८० कागद. मिस्टर छातीठोकपणे म्हणाले रीम पाचशेचं, आमच्या ऑफिसात रोज फोडतो मी. आणि तेही बरोबर, दुकानात मिळणारं ए-फोरचं पाकीट पाचशेचंच असतं. पोरगं दोघांकडं बघतंय. मग ठरलं की परीक्षेत ४८० आणि बाबांच्या ऑफिसात ५००. तुम्ही मदत करायला बसलात तर आधी पाठ्यपुस्तकात काय दिलंय ते बघून बसा, नाहीतर आपलं ज्ञान मुलाचे दोन मार्क घालवतं.

गाईडांचं थोडक्यात सांगते, एक पुरे. नवनीतचं घ्या नाहीतर दुसरं कुठलं, पण तीन गाईडं आणून टेबलावर रचली की मुलाला आपण मागे पडलोय असंच वाटत राहतं. परीक्षा परिषदेच्या साइटवर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची फुकट आहेत, सिरीजच्या पेपरांपेक्षा त्या मला जास्त नीटनेटक्या वाटल्या, आकृत्याही स्वच्छ. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं छापून आणा.

सिरीजमध्ये एक पालक मेळावा पण असतो. दोन तास भाषण, चहा गार. नाही गेलात तरी चालेल.

प्रत्यक्ष परीक्षा ९ फेब्रुवारी २०२५ ला होती, रविवारीच. अकरा ते साडेबारा पहिला पेपर, दोन ते साडेतीन दुसरा. इथं सिरीज कमी पडली, कारण त्यांच्याकडं मधली सुट्टी अर्ध्या तासाची आणि खऱ्या परीक्षेत दीड तासाची. दीड तासात मुलं काय काय करतात बघा, बाहेर आलेल्या मुलांभोवती पालकांचं कोंडाळं, सतराव्याचं काय लिहिलंस, अरे ते तर बी होतं, आणि पोराचा चेहरा उतरतो, दुसरा पेपर तर अजून व्हायचाय. मी आधीच ठरवून ठेवलेलं, पहिल्या पेपरबद्दल एक अक्षर नाही. केंद्राच्या बाहेर झाडाखाली बसून दहीभात खाल्ला, मांजरांचे व्हिडिओ बघितले, पाणी प्यायलो. शेजारच्या एका बाबांनी विचारलंच, "काय रे, गणित कसं गेलं?" तर हा म्हणाला, "आई म्हणालीये सांगायचं नाही." त्यांना राग आला असणार, येऊ दे. आणि केंद्र आपल्या शाळेत नसतं, तर आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या, आमच्या समोर दोन आया चुकीच्या शाळेत जाऊन धावत आल्या.

निकाल आधी अंतरिम लागतो, मग गुणपडताळणी वगैरे होऊन अंतिम. अंतरिम उत्तरसूची साइटवर टाकतात आणि त्यावर आक्षेपही घेता येतो, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. आमचा मुलगा पात्र झाला, गुणवत्ता यादीत नाही आला. जाऊबाईंची मुलगी यादीत आली आणि आम्ही सगळे पेढे खाऊन आलो. ओळखीतले एक काका "अरेरे, थोडक्यात हुकलं" म्हणायला खास घरी आले, चहा घेऊन गेले. मुलाला फार काही वाटलं नाही, त्याला आरशातल्या प्रतिमेची कोडी एवढी आवडायला लागलीत की आता तो बहिणीला घालतो.

पैशाचा हिशोब ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी, पाचवीची शिष्यवृत्ती २०२३ मध्ये वाढवून वर्षाला ५,००० रुपये केली, तीन वर्षं मिळते. त्याआधी जास्तीत जास्त वर्षाला १,००० होती, म्हणजे तेव्हा तर सिरीजची फीसुद्धा दोन वर्षांत निघाली नसती. पैशासाठी हे कुणी करत नाही हे उघड आहे.

माझे स्टार विचाराल तर रविवारच्या पेपरांना आणि त्या मॅडमना पाचपैकी चार, छपाईला दोन, विश्लेषणाला एक, कारण शून्य देता येत नाही, आणि ग्रुपला तर देणारच नाही. लावायची तर जानेवारीपासूनचे पेपर तेवढे पुरतात असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीपासून दर रविवार गेला की मूल डिसेंबरातच विटतं आणि फेब्रुवारीत त्याच्यात दम उरत नाही. आमच्या बॅचमध्ये जानेवारीत निम्मे बाक रिकामे होते, फी मात्र सगळ्यांची आधीच घेतलेली, अर्धी परत मिळत नाही, हे पण विचारून घ्या.

आता परत सगळं बदललंय. परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला न्यायचं ठरलंय, २०२५-२६ या एका वर्षात चौथी आणि पाचवी दोघांचीही ठेवली आणि २०२६-२७ पासून फक्त चौथी-सातवी. म्हणजे धाकटीचा नंबर २०२६-२७ लाच, आणि ती चौथीतली म्हणजे दादापेक्षा एक वर्षानं लहान असताना बसणार. दीड तास एका जागी बसणं हाच तिचा मोठा पेपर असेल, गणित नंतर. मी परवा सरांना फोन करून विचारलं की चौथीच्या मुलांसाठी फक्त शेवटचे महिनाभराचे पेपर, अर्ध्या फीत, आणि यादीत नंबर न टाकता, असं काही करताय का. फोन मॅडमनी घेतला होता. म्हणाल्या, "मला पटतंय ओ ताई, ह्यांना विचारते आणि कळवते." अजून फोन आलेला नाही, आला की इथंच खाली लिहीन.